वाळवीचा बंदोबस्त : जोते भरतानाच

दोन वर्षांपूर्वी कोकणातील एका गावी दौऱ्यावर असताना एका निवृत्त शिक्षकांच्या घरी जाण्याचा योग आला. घर नवे, टुमदार आणि पक्क्या बांधणीचे होते. सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेचा बहुतेक भाग गुरुजींनी त्यात घातला होता. बोलण्याच्या ओघात जमिनीच्या जुन्या व्यवहाराचा विषय निघाला, तेव्हा खरेदीखत दाखविण्यासाठी ते भिंतीतील कपाटाकडे गेले. खालच्या खणातील कापडी बासन त्यांनी बाहेर काढले. वरून ते जसेच्या तसे होते. गाठ सोडली तेव्हा आत ओलसर माती आणि चाळणी झालेल्या कागदांचे तुकडे एवढेच उरले होते. खरेदीखत गेले, मोजणीचा नकाशा गेला आणि त्यांच्या वडिलांनी मुंबईहून पाठविलेली पत्रेही गेली.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाया भरताना औषध मारून घेऊ का, असे गवंड्याने विचारले होते. सिमेंटच्या घराला कसली आली आहे वाळवी, असे म्हणून मीच नको म्हटले."

नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळू शकते. तशी ती गुरुजींना पुढे मिळालीही. पत्रांची प्रत मात्र कोठे मिळणार? सिमेंटच्या घराला वाळवी लागत नाही, ही गुरुजींची समजूत त्यांच्या एकट्याची नाही. ती सर्वत्र आढळते आणि याच समजुतीपायी घर बांधतानाची सर्वांत सोयीची वेळ हातची निघून जाते.

मुंगी नव्हे, झुरळाची नातलग

वाळवीला काही भागांत उधई म्हणतात, तर इंग्रजीत तिला 'पांढरी मुंगी' असेही नाव पडले आहे. वास्तविक मुंगीशी तिचे नाते दूरचे आहे. कीटकशास्त्रज्ञ आज तिची गणना झुरळाच्या कुळात करतात. जगात वाळवीच्या सुमारे ३,००० आणि भारतात सुमारे ३०० जाती आढळतात. त्यांपैकी घरांना किंवा पिकांना उपद्रव देणाऱ्या जाती थोड्याच आहेत. बाकीच्या रानात पडलेला पालापाचोळा व वठलेली लाकडे यांची माती करण्याचे काम करतात. ते काम थांबले तर जंगलात पाऊल ठेवायलाही जागा उरणार नाही.

शेताच्या बांधावर किंवा माळावर दिसणारे वारूळ आपण मुंग्यांचे समजतो. नागपंचमीला त्याची पूजाही होते. तथापि ती मोठी मातीची वारुळे बहुतांशी वाळवीने उभारलेली असतात. आपल्याकडील वारूळ बांधणाऱ्या जाती पोटात भरून आणलेल्या वनस्पतिद्रव्यावर वारुळाच्या आत एक प्रकारची बुरशी वाढवितात व तिच्यावर उपजीविका करतात. पावसाळ्यात वारुळाच्या आसपास उगवणारी आणि कोकणात आवडीने खाल्ली जाणारी अळंबी ही त्याच बुरशीची फळे होत. म्हणजे वाळवीचे हे एक प्रकारचे शेतकरी कुटुंबच म्हणावयाचे!

या कुटुंबात राजा, राणी, शिपाई आणि कामकरी असे वर्ग असतात. राणी वर्षानुवर्षे अंडी घालते आणि काही जातींत एका दिवसात घातलेल्या अंड्यांची संख्या हजारांवर जाते. लाकूड व कागद खाणारा वर्ग कामकऱ्यांचा. हे कामकरी आंधळे, मऊ आणि पांढुरक्या अंगाचे असतात. उघड्या, कोरड्या हवेत त्यांचे शरीर लवकर सुकते. वाळवीविषयी घरमालकाने एकच गोष्ट ध्यानात ठेवायची झाल्यास ती हीच होय, कारण तिची बलस्थाने आणि मर्मस्थाने दोन्ही येथेच आहेत. उपद्रवी वाळवीचे मुख्य वसतिस्थान जमिनीत असते. तेथील ओल तिला हवी असते. घरातील लाकडापर्यंत पोहोचण्यासाठी तिला उघड्यावरून चालता येत नाही. म्हणून ती माती व लाळ यांच्या साहाय्याने पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी बांधीत येते. भिंतीवर खालून वर गेलेली ही मातीची रेघ म्हणजे जमिनीतील वसाहत आणि आपली चौकट यांना जोडणारा तिचा रस्ता होय.

सिमेंट तिचे अन्न नव्हे, हे खरे. मात्र जोत्यातील भरावाला कालांतराने बसका येतो, फरशी व भिंत यांच्या सांध्यात सुताएवढी फट पडते, नळाच्या व विजेच्या नळ्यांभोवती मोकळी जागा राहते. वाळवीला तेवढी वाट पुरते. शहरातील इमारतींत चौथ्या-पाचव्या मजल्यावरील कपाटे पोखरली गेल्याची उदाहरणे आढळतात. तेथवर ती बहुधा अशाच नळ्यांच्या आणि ओल धरलेल्या न्हाणीघराच्या भिंतींच्या आश्रयाने चढलेली असते.

पूर्वजांची दृष्टी

जुन्या वाड्यांची बांधणी पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. लाकडी खांब कधीही थेट जमिनीत रोवलेला नसे. त्याच्या खाली घडीव दगडाचा तळखडा असे. तुळईचे टोक भिंतीत जाई तेथे जुने जाणते सुतार हवा खेळती राहील अशी काळजी घेत. जोते दगडी आणि उंच असे. लाकडासाठी सागाचा पक्व गाभा निवडला जाई. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. त्याच झाडाच्या सालीलगतच्या फिकट लाकडात मात्र ती नसतात. आज 'सागवानी' म्हणून विकत घेतलेली चौकटही पोखरली जाते, याचे एक कारण असे की, तिच्यात कोवळे, फिकट लाकूड बरेच असते. कोकणात काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला लावण्याची रीत होती, तीही याच अनुभवातून आलेली.

या सर्वांमागील तत्त्व एकच, ते म्हणजे लाकूड आणि माती यांची गाठ पडू द्यावयाची नाही. आज आपण खांब सिमेंटचे करतो, पण दाराची चौकट फरशीच्या पातळीखाली मुरमात पुरतो आणि अंगणात सरपणाचा ढीग भिंतीला टेकवून रचतो. तळखड्याचा धडा आपण विसरलो, असेच म्हणावे लागते.

पाया भरताना

इमारतींच्या वाळवीप्रतिबंधासाठी आपल्या देशात भारतीय मानक क्रमांक ६३१३ उपलब्ध आहे. ते प्रथम १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढे वेळोवेळी त्यात सुधारणा करण्यात आल्या. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्यात बांधणीतील खबरदारी, दुसऱ्यात बांधकाम चालू असताना जमिनीवर करावयाची औषधप्रक्रिया आणि तिसऱ्यात उभ्या इमारतींवरील उपाय दिलेले आहेत. त्यांपैकी दुसरा भाग स्वतःचे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ठेकेदाराकडून समजावून घ्यावा, इतका तो उपयुक्त आहे.

औषधाआधी जागेची स्वच्छता करावयाची असते. हे काम सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित. जागेवरील झाडांची खोडे व मुळे उकरून काढावीत. जोत्यात भरावयाच्या मुरमात लाकडाचे तुकडे, मुळ्या, कागदी पिशव्या जाऊ देऊ नयेत. पाया भरताना मारलेल्या खुंट्या आणि स्लॅबच्या फळ्यांचे तुकडे बहुतेक ठिकाणी तसेच मातीत गाडले जातात. घराखाली वाळवीसाठी शिधाच मांडून ठेवल्यासारखे ते होते. आवारात वारूळ असल्यास ते वरून फोडून आत अनेक ठिकाणी भोके पाडावीत आणि दर घनमीटर वारुळास साधारण ४ लिटर या प्रमाणात औषधाचे द्रावण ओतावे.

त्यानंतर औषधाचा थर. कल्पना अशी की, घराच्या खाली आणि पायाच्या दोन्ही अंगांना औषधयुक्त मातीचा सलग पडदा उभा राहावा. पडद्याला एका ठिकाणीही भोक राहिले तर बाकीचे काम वाया जाते. म्हणून चार टप्पे सांगितले आहेत. पायाच्या चरांचा तळ आणि तळापासून ३० सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या बाजू यांवर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण शिंपडावे. पायाच्या भिंतीलगत माती भरताना, भिंतीच्या उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साडेसात लिटर. जोत्याचा भराव ठोकून झाल्यावर, काँक्रीट टाकण्यापूर्वी, वरच्या पृष्ठभागावर पुन्हा चौरस मीटरला ५ लिटर. भराव फार घट्ट असून द्रावण मुरत नसेल तर १५ सेंटिमीटर अंतराने ५ ते साडेसात सेंटिमीटर खोलीची भोके पाडून घ्यावीत. शेवटी घर पूर्ण झाल्यावर बाहेरच्या बाजूने भिंतीलगत सळईने १५ सेंटिमीटर अंतरावर, ३० सेंटिमीटर खोल भोके पाडून साडेसात लिटरच्या प्रमाणाने द्रावण सोडावे.

हे आकडे वाचून सामान्य माणूस बिचकतो. म्हणून एक हिशेब करून पाहू. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात, जी २०१६ मध्ये सुरू झाली, घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलेले आहे. समजा, असे एक ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद घर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींची एकूण लांबी २० मीटर. चर ६० सेंटिमीटर रुंद असेल तर तळ व बाजू मिळून २४ चौरस मीटर होतात. त्यांना १२० लिटर लागतील. मातीत राहणारी भिंत सुमारे १ मीटर उंच धरली तर आतून व बाहेरून मिळून ४० चौरस मीटर, म्हणजे ३०० लिटर. जोत्याच्या पृष्ठभागास १२५ लिटर आणि बाहेरच्या कडेला ४५ लिटर. एकूण द्रावण ५९० लिटर. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के हे औषध वापरावयाचे असल्यास १ लिटर पाण्यात सुमारे २.१ मिलिलिटर मिसळावे लागते. म्हणजे साऱ्या घरास मूळ औषध लागेल सव्वा लिटरच्या आसपास. आतल्या भिंतींना पाया असेल तर आणखी थोडे. घराच्या एकूण खर्चाशी या सव्वा लिटरची तुलना ज्याने त्याने करावी.

काम पाऊस पडत असताना किंवा माती चिखल झालेली असताना करू नये, कारण ओल्या मातीत द्रावण मुरत नाही. विहीर किंवा कूपनलिका जवळ असल्यास विशेष दक्षता घ्यावी. एकदा औषध मारलेली माती पुढे नळ टाकण्यासाठी उकरली गेली, तर तेवढ्या भागावर पुन्हा प्रक्रिया झालीच पाहिजे. नळकाम करणारा बहुधा शेवटी येतो आणि नेमका हाच पडदा फोडून जातो.

घर उभे असेल तर

अनेक वाचक म्हणतील की, आमचे घर तर केव्हाच बांधून झाले आहे. त्यांनी प्रथम शोध घ्यावा. पहिल्या वळवाच्या किंवा मृगाच्या सरींनंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे थवे येतात आणि सकाळी जमिनीवर नुसते पंख पडलेले दिसतात. हे वाळवीचे नवे राजे व राण्या होत. बाहेरून उडून आलेल्यांची फारशी चिंता नको. परंतु घराच्या आतील भिंतीच्या किंवा चौकटीच्या फटीतूनच ते बाहेर पडताना दिसले, तर वसाहत घराखाली किंवा घरातच आहे असे समजावे. चौकटीवर बोटाने टकटक करून पाहावे. पोकळ आवाज आला, रंगाचा पापुद्रा दाबताच आत गेला, तर आतील लाकूड संपत आले आहे. लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर मात्र ते काम बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे असते. खसखशीएवढे कठीण दाणे पडत असतील तर सुक्या लाकडात राहणारी, जमिनीशी संबंध नसलेली वाळवी असू शकते. या दोन्हींवर जमिनीत औषध सोडून उपयोग होत नाही. त्या लाकडावरच उपाय करावा लागतो.

भिंतीवरची मातीची नळी दिसली की गृहिणी केरसुणीने ती झाडून टाकते. आठ दिवसांत नळी पुन्हा उभी राहते. झाडण्यापूर्वी ती कोठून निघाली आहे हे पाहून तेथे खूण करावी, कारण औषध तेथे जावयास हवे. उभ्या घरात फरशी व भिंत यांच्या सांध्यावर ३० सेंटिमीटर अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडतात, ती फरशीखालच्या मातीपर्यंत नेतात आणि प्रत्येकात जास्तीत जास्त १ लिटरपर्यंत द्रावण भरून भोके सिमेंटने बंद करतात. बाहेरच्या बाजूने भिंतीलगत चर खणून किंवा भोके पाडून तोच पडदा पूर्ण करतात. पोखरलेल्या चौकटीत तिरकी भोके घेऊन औषध मुरवितात. नुसत्या दाराला रॉकेल पुसल्याने त्या दारापुरती चार दिवस शांतता मिळते. वसाहत जमिनीत सुखरूप राहते आणि शेजारचे कपाट धरते.

याच्या जोडीने ओलीचा बंदोबस्त झाला नाही तर औषधाचा परिणाम टिकत नाही. ठिबकणारा नळ, भिंतीवर ओघळणारी पन्हळ, भिंतीलगत पाणी घातलेली फुलझाडांची आळी, ही वाळवीची पाणपोई होय. शक्य असेल तेथे घराभोवती बाहेर उतार असलेला सिमेंटचा पट्टा करावा. त्यामुळे पाणी भिंतीपासून दूर जाते आणि नळी वर चढू लागली तर ती नजरेस पडते.

औषध आणि औषध मारणारा

या विषयात जुनी माहिती धोक्याची ठरू शकते. १९८१ च्या मानकात आल्ड्रिन, हेप्टाक्लोर व क्लोरडेन यांची शिफारस होती. ती परिणामकारक होती. मात्र ती वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत आणि अन्नसाखळीत साठत जातात, असे दिसून आल्यावर २००१ च्या स्टॉकहोम करारान्वये त्यांच्यावर जागतिक पातळीवर निर्बंध आले. आपल्या देशातही ती बंद झाली. त्यानंतर क्लोरपायरिफॉसचा वापर वाढला. २०२५ मध्ये त्याचाही समावेश याच कराराच्या यादीत, काही वापरांना मुदतीची सवलत ठेवून, करण्यात आला. तेव्हा एखाद्याच्या माळ्यावर जुना डबा पडून असेल तर तो उपयोगात आणू नये. नवे औषध घेतानाही डब्यावर वाळवीसाठीच्या वापराचा उल्लेख आहे काय, हे पाहून मगच घ्यावे.

हे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्यास कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील नियमांनुसार परवाना आवश्यक असतो. तो पाहण्यास मागण्यात संकोच बाळगू नये. औषधाचे नाव व प्रमाण लेखी घ्यावे, मोहोरबंद डबा आपल्यासमोर उघडावयास सांगावे आणि द्रावण आपल्यासमोरच तयार होऊ द्यावे. पाणी अधिक आणि औषध कमी, हा प्रकार या व्यवसायात अगदीच अपरिचित नाही. काम करणाऱ्याने हातमोजे, मुखपट्टी व पायांत बूट घातलेले असावेत. मुले, गुरे व पाण्याची भांडी त्या वेळी दूर ठेवावीत. रिकामा डबा भोके पाडून निकामी करावा. असा डबा धान्य किंवा पाणी भरण्यासाठी घरात ठेवण्याची आपल्याकडील सवय वाळवीपेक्षाही घातक आहे.

कागदांची पेटी

सातबारा आता संगणकावर मिळतो, शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रतही मिळते. जुनी खते, हस्तलिखिते, कुटुंबातील पत्रे आणि छायाचित्रे यांना मात्र दुसरी प्रत नसते. ग्रामीण वाचनालयांतील जुने ग्रंथही याच वर्गातले. पुठ्ठा शाबूत आणि आत पाने नाहीत, असे ग्रंथ अनेक ग्रंथपालांनी पाहिले असतील. असे कागद तळमजल्यावरील भिंतीतल्या कपाटात, विशेषतः खालच्या खणात, कधीही ठेवू नयेत. लोखंडी पेटी किंवा कपाट भिंतीपासून चार बोटे सुटे आणि जमिनीपासून विटांवर उचललेले असावे, म्हणजे नळी आली तरी दिसते. वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि दसऱ्याच्या साफसफाईच्या वेळी, प्रत्येक बासन सोडून पाहावे. केवळ बाहेरून पुसून पुन्हा ठेवल्यास गुरुजींच्या बासनासारखी गत होण्याचा संभव असतो.

गुरुजींच्या घरी गेल्या उन्हाळ्यात फरशीच्या कडेने भोके पाडून औषध भरण्यात आले. कपाटाचा खालचा खण आता रिकामा असतो. खरेदीखताची नवी प्रत लोखंडी पेटीत आहे आणि पेटी चार विटांवर, खोलीच्या मधोमध. येता-जाता पायाला लागते, अशी घरातील मंडळींची तक्रार आहे. पण गुरुजी ती हलवू देत नाहीत.